ढील

भुसावळला आमचं रेल्वे क्वार्टर यार्डाच्या अंगाला होतं. रात्री मालगाडी सुटायची तेव्हा आधी इंजिनाचा भोंगा ऐकू यायचा. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ते सुरू व्हायचं, खण्, खण्, खण्, खण्, यार्डाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत जाणारं. इंजिन केव्हाच हललेलं असायचं, मागचे डबे अजून झोपेत. दर दोन डब्यांमधल्या कपलिंगमध्ये थोडी ढील असते. पुढचा डबा ती ढील खाऊन मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला. ५८ उघड्या डब्यांची बॉक्सएन मालगाडी असली की ही ओढाओढ शेपटीपर्यंत पोचायला चांगला वेळ लागतो, आणि शेपटीला जो बसलेला असतो त्याला सगळ्यांचा मिळून एकच हिसका बसतो.

शेपटीला आमचे अण्णा असायचे. मालगाडीचे गार्ड. (जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरवलं. अण्णा तोवर निवृत्त झाले होते. "बढती मिळाली, पण घरी बसल्यावर," असं ते सगळ्यांना सांगतात.) त्यांच्या शेवटच्या डब्यात, ब्रेक व्हॅनमध्ये, ना धड खुर्ची, ना धड दिवा. खणखणाट जवळ येताना ऐकू यायचा. शेवटच्या दहाएक डब्यांवर आला की अण्णा दाराची दांडी धरायचे, पाय रुंद ठेवायचे, पाठ भिंतीपासून सोडवून घ्यायचे. ड्रायव्हर चांगला की वाईट हे ते चेहरा न बघता सांगत. ज्याचा हात हलका, तो आधी गाडी नुसती ताणून घेतो, ढील संपू देतो आणि मगच जोर लावतो. ज्याचा हात जड, त्याच्यामुळे गार्डाचा चहा सांडतो.

हे सगळं मला इथे इंग्लंडमध्ये, डर्बीत, आठवायचं काही कारण नव्हतं. पण गेल्या मार्चमध्ये माझ्या गाडीने तोच आवाज केला. छोटा, एकाच डब्याचा. ठक्.

गाडी माझदाची, एमएक्स-५, १९९१ सालची, लाल. दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच जागा. छप्पर हाताने मागे टाकायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, त्यामुळे इतक्या खाली बसणाऱ्या गाडीतून उठताना कंबरेचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. तरी घेतली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास आणि गिअर हाताने टाकायचे. हल्लीच्या गाड्या आपल्याला उचलून नेतात. ही आपल्याकडून काम करून घेते.

आवाज कधी यायचा? पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हळू चालताना. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की एक ठक्, परत ठेवला की दुसरा. सिग्नलच्या रांगेत पुढे सरकताना तर ठक्-ठक् चालूच. चौथ्या गिअरमध्ये, हमरस्त्यावर, काही नाही. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तर खड्ड्यातूनही आवाज नाही, म्हणजे सस्पेन्शन नव्हे. जोराची दिशा बदलली की आवाज येतो: इंजिन चाकांना ढकलतंय ते चाकं इंजिनाला ढकलतायत, किंवा उलट. एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पुढचे तीन महिने गेले ते या वाक्याचा अर्थ लावण्यात.

फोनवर आवाज रेकॉर्ड करून अण्णांना पाठवला. दोन मिनिटांत फोन. "क्रॉस गेलाय."

आपल्याकडे क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना अधिक चिन्हाच्या आकाराचा सांधा असतो, तो. माझ्या मामाची जळगाव-भुसावळ काळीपिवळी जीप होती आणि तिचा क्रॉस दर पावसाळ्यानंतर जायचा. त्यामुळे आमच्या घरात मागच्या चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही वाहनाने कसलाही आवाज केला की निदान एकच असे. मी म्हटलं, "अण्णा, बघते." ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? बदल."

इथल्या एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, एक मागचं चाक पकडून पुढे-मागे हलवलं आणि मान हलवली. डिफरन्शियल गेलंय, म्हणजे शाफ्टचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरची पेटी. सेकंडहँड मिळेल, बसवून साडेचारशे पौंड. मला त्याची घाई खटकली. एकच चाक हलवून डिफरन्शियलचा प्ले, म्हणजे ढील, कळत नाही, निदान या गाडीत नाही. या सोळाशे सीसी मॉडेलला साधं डिफरन्शियल आहे. दोन्ही चाकं हवेत असताना एक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं, आणि मधला शाफ्ट जागचा हलतही नाही. तो जे हलवत होता ते बरंचसं खरंखुरं फिरणं होतं, ढील नव्हे. पेशंट पाय वर उचलून दाखवतो तेव्हा किती कंबरेतून आणि किती खुब्यातून, हे वेगळं न करता आकडा लिहून टाकण्यासारखं आहे हे. मी बिल भरलं, चावी घेतली.

आधी जे हसू येण्यासारखं होतं ते सांगून टाकते. आवाज एक नव्हता. त्यातला एक डिकीतून येत होता. या गाडीचं जादा चाक डिकीत असतं, बॅटरीसुद्धा तिथेच. चाक दाबून ठेवणारा बोल्ट ढिला होता आणि मी ब्रेक मारला किंवा जोर दिला की चाक अर्धा इंच उडून परत बसत होतं. हाताने आवळला. साडेचारशे पौंडांतला धप्प असा भाग तिथे संपला.

दुसरा होता एक बारीक टिक्. रिव्हर्स घेऊन पहिला टाकला की एकदा, फक्त एकदाच, मागच्या डाव्या चाकातून. परत दिशा बदलेपर्यंत चिडीचूप. हा या गाड्यांचा ओळखीचा आजार आहे. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, खाचा चाकाच्या मधल्या हबमध्ये बसतात आणि बाहेरून एक मोठा नट दोघांना दाबून धरतो. वर्षांनी तिथलं ग्रीस सुकतं, दाब कमी होतो आणि दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवरून सुळकन सरकतात. उपाय: नट काढा, टेकणाऱ्या तोंडाला ग्रीस लावा, नवा नट घालून आवळा. तो आवळायचा २१६ ते २९४ न्यूटन-मीटर. एवढा जोर माझ्या मनगटात नाही, पण माझं वजन ५६ किलो आहे, आणि मीटरभर लांब दांड्याच्या टोकावर उभं राहिलं की साडेपाचशे होतात. शेजारच्या बाईंनी मला चाकाशेजारी हवेत उभी राहिलेली बघितलं आणि पडदा सारून घेतला. नट कर्रर्र करून सुटला. टिक् गेली.

ठक् तशीच.

आता ही ढील म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं, कारण मीही आधी चुकीचं धरून चालले होते. माझी समजूत अशी, की चांगल्या गाडीत प्ले नसतो, आणि असला की एखादा भाग मेलेला असतो; तो भाग शोधायचा, काढायचा, फेकायचा. तसं नाही. गिअरचे दात एकमेकांत गच्च बसवले तर मध्ये तेलाला जागा राहणार नाही, आणि तापून फुगले की ते एकमेकांना खाऊन टाकतील. म्हणून दातांमध्ये मुद्दाम केसाएवढी फट ठेवतात. ती नव्या गाडीतही असते. आणि अशा फटी एक नाही. गिअरबॉक्सच्या दातांत थोडी. शाफ्टचं तोंड गिअरबॉक्समध्ये जिथे सरकतं त्या खाचांत थोडी. क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीत, थोडी. डिफरन्शियलच्या पोटातल्या छोट्या चाकांत थोडी. ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या-बाहेरच्या सांध्यांत, हबच्या खाचांत. क्लच प्लेटच्या मध्यावर तर स्प्रिंगाच बसवलेल्या असतात, मुद्दाम. प्रत्येकजण आपापल्या हद्दीत, कायद्याने वागतोय. बेरीज मात्र गार्डाच्या पाठीत बसते.

पाय काढलेला असताना सगळे दात एका बाजूला टेकलेले असतात. पाय ठेवला की इंजिनाला आधी ही सगळी रिकामी जागा ओलांडावी लागते, आणि त्या जागेत त्याला अडवणारं कुणी नसतं. ते मोकळं धावत सुटतं आणि पलीकडच्या दातावर जाऊन आपटतं. पहिल्या गिअरमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. या गाडीच्या पहिल्या गिअरचं प्रमाण ३.१३६ आणि मागच्या क्राऊन-पिनियनचं ४.३, गुणाकार साडेतेरा. चाकापाशी एक अंशाची ढील असेल, तर इंजिनाला साडेतेरा अंश मोकळं पळायला मिळतं. चौथा गिअर थेट, एकास एक. तिथे ते चार अंशांवर येतं, वर धक्क्यामागचा जोरही तिप्पट कमी. हमरस्त्यावरची शांतता ही अशी.

गंमत अशी की ही गाडी बनवणाऱ्यांना नेमकी हीच ढील नको होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात तिला जगाने पहिल्यांदा पाहिलं. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई. हिरोशिमाच्या त्या मंडळींचं ब्रीदवाक्य होतं 'जिन्बा इत्ताई', घोडा आणि स्वार एक. आपल्याकडे त्याला मांड म्हणतात. मांड पक्की असली की लगामाला झटका द्यावा लागत नाही. ती मांड लोखंडात उतरवायला त्यांनी गिअरबॉक्सच्या शेपटीपासून डिफरन्शियलच्या नाकापर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट बसवली, पॉवर प्लांट फ्रेम. तिच्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं मिळून एकच कणा होतो. पाय हलला की मागच्या चाकाला लगेच कळावं, मध्ये कुणी मान वर-खाली करत वेळ घालवू नये.

या कण्याची आणखी एक बाब आहे, आणि ती लक्षात यायला मला उशीर झाला. गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा आधार नाही; तो त्या चौकटीला धरून लोंबकळतो. अख्खा कणा गाडीला टेकतो तो चार रबरांवर: पुढे इंजिनाची दोन माउंटिंग, ज्याला आपले मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात, आणि मागे डिफरन्शियलच्या दोन कानांतले बुश. मध्ये सगळा धातू. त्यामुळे पुढे काही आपटलं तरी ते मागे ऐकू येतं. माझ्याकडे गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या वयस्कर पेशंटांत काहींचा खुबा झिजलेला असतो. बाई गुडघ्यावर बोट ठेवून शपथेवर सांगते, इथेच. फोटो काढला तर गुडघा ठणठणीत. मी पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतेय, की वरचा सांधा तपासल्याशिवाय खालच्यावर हात ठेवू नका. आणि स्वतःच्या गाडीखाली शिरले ती थेट मागून.

मे महिन्यातला एक कोरडा शनिवार. घरामागच्या गल्लीत गाडी चार स्टँडवर चढवली, सपाट. खाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. हत्यारं तीनच: पाना, खडू आणि क्लिनिकमधून आणलेला गोनिओमीटर, सांध्याचा कोन मोजायची ती प्लॅस्टिकची दोन पट्ट्यांची मापपट्टी. गुडघे, कोपरं, खांदे यांवर हजारो वेळा ठेवलेली. शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि पट्टीची एक भुजा रेघेवर, दुसरी जागेवर धरली.

आधी पहिला गिअर टाकून, हँडब्रेक सोडून, शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवला. गिअरच्या बाजूने इंजिनाचं कॉम्प्रेशन अडवतं, चाकं मोकळी. म्हणजे जे हलतंय ते फक्त गिअरबॉक्सचं. चार अंश. टोकाला गेल्यावर टक्, परत आल्यावर टक्. मग न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला. हँडब्रेक दोन्ही मागची चाकं धरतो, म्हणून त्या उलट-सुलट फिरण्याचा घोळ संपला. आता जे हलेल ते डिफरन्शियल आणि त्यापुढचं. सहा अंश. दोन्ही हातांच्या मुठी क्रॉसच्या अलीकडे-पलीकडे धरून उलट दिशांना पिळून पाहिलं. क्रॉस चांगला असेल तर तिथे काहीही जाणवता कामा नये, शून्य. शून्यच होतं. टोप्यांपाशी लालसर भुकटीही नव्हती. क्रॉस सुकला की गंजाची ती राख आधी दिसते. अण्णांना कळवलं. "नीट बघ," एवढंच उत्तर आलं.

चार आणि सहा, दहा अंश. इंजिनाच्या बाजूने मोजलं तर पहिल्या गिअरमध्ये एकतीस. आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण शाफ्टपाशी दहा अंश म्हणजे चाकापाशी सव्वादोन, आणि तीस वर्षं चाललेल्या गाडीत इतक्या सांध्यांची मिळून एवढी बेरीज असली तर कुणावर बोट ठेवायचं? मी पुठ्ठ्यावर पडून वर पाहत राहिले. मोजमाप उत्तम झालं होतं आणि हाती काहीच लागलं नव्हतं.

माझ्या धंद्यातली एक जुनी गोष्ट तिथे पडल्या पडल्या आठवली. टेबलावर झोपवून तपासलेला गुडघा आणि अंगाचं वजन घेऊन उभा असलेला गुडघा, हे दोन वेगळे गुडघे असतात. मी गाडी झोपवून तपासत होते. हाताने शाफ्ट हलवताना मी दात मोजत होते. रबरांवर जोर येतच नव्हता. जो सांधा फक्त ओझ्याखाली निसटतो, तो हातांना कसा सापडणार?

म्हणून गाडी खाली उतरवली. नवऱ्याला बोलावलं. त्याला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, आणि या कामाला तसाच माणूस बरा, सांगितलं तेवढंच करतो. गाडीच्या पुढे-मागे मोकळी जागा, कुणी उभं राहायचं नाही, हे दोनदा बजावलं. हँडब्रेक ओढलेला, फूटब्रेक गच्च दाबलेला, इंजिन चालू. पहिल्या गिअरमध्ये क्लच नुसता धरू लागेपर्यंत सोडायचा आणि परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. मी बोनेट उघडून बाजूला, चाकाच्या आडोशाला.

पहिल्यात क्लच धरला आणि इंजिनाने कूस बदलली. हा शब्द मी सजवून वापरत नाहीये. झोपलेला माणूस ज्या जडपणे वळतो तसंच ते एका अंगावर गेलं, चांगलं दोन बोटं. क्लच दाबला, परत पडलं. ठक्. रिव्हर्समध्ये दुसऱ्या अंगावर. ठक्. आवाज माझ्या समोर होत होता, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून नवरा ओरडून सांगत होता, "मागून येतोय गं!"

एका बाजूचं माउंटिंग सुटलं होतं. काढल्यावर दिसलं, रबर पत्र्यापासून फाटून अलग झालेलं, मध्ये एक पौंडाचं नाणं सहज सरकेल. बाहेरून बघितलं तर धडधाकट, कारण इंजिनाचं वजन त्याला खाली दाबून ठेवत होतं. वजन आहे तोवर चांगलं, वर खेचलं की पोकळ. दुसऱ्या बाजूचं अजून धरून होतं, पण दोन्ही एकदमच बदलले, जोडी नव्वद पौंडांच्या आत. एक बाजू पाऊण तासात झाली. दुसरीचा बोल्ट इथल्या हिवाळ्यातल्या मिठाने असा गंजला होता की तेल, शिव्या आणि हातोडी यांच्या फेऱ्या अडीच तास चालल्या. ऑईलपॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन उचलायचं, आणि उचलताना रेडिएटरच्या नळ्यांकडे बघत राहायचं, एवढं पथ्य.

खाली होतेच म्हणून त्या अॅल्युमिनियमच्या चौकटीचे बोल्टही तपासले. ते १०४ ते १२३ न्यूटन-मीटरचे. गिअरबॉक्सकडचे जागचे हलले नाहीत. डिफरन्शियलकडचा एक मात्र टॉर्क पाना टकटक करायच्या आधी पाव फेरा फिरला. पूर्वी कुणीतरी क्लच बदलला असणार, तेव्हा चौकट खोलावीच लागते, आणि परत आवळताना शेवटचा बोल्ट जेवणाच्या सुट्टीनंतर आवळू म्हणून राहून गेला असेल. मला त्या माणसाचा राग आला नाही. मी स्वतः जादा चाकाचा बोल्ट सहा वर्षं बघितला नव्हता.

संध्याकाळी गाडी काढली. ठक् गेली होती. म्हणजे, ती मोठी, पोकळ, कुणीतरी मागून दार आपटल्यासारखी ठक् गेली होती. उरली होती एक बारीक टक्, दातांची, दहा अंशांची. ती पुठ्ठ्यावर पडून ऐकलेल्या त्या टक् इतकीच होती आणि मला ती आता नावानिशी ठाऊक होती.

तिच्यातलाही अर्धा वाटा गाडीचा नाही, माझ्या पायाचा आहे. या जुन्या इंजिनाला अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते नीट कळतच नाही. १९९१ च्या मॅन्युअल गाडीत तिथे नुसता खटका आहे: पाय पूर्ण सुटलाय, पूर्ण दाबलाय, आणि उरलेलं सगळं. चालत्या गाडीत पाय पूर्ण सुटला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो, जरा ठेवला की सोडतो. म्हणजे पायाची हालचाल कितीही हळू असो, त्या शेवटच्या किंचित जागेत इंजिन एकदम मरतं आणि एकदम जिवंत होतं, आणि नेमकं त्याच क्षणी दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जात असतात. मी ड्रायव्हिंग शिकले मारुती ८०० वर, भुसावळच्या बाजारपेठेत, जिथे पाय ठेवायचा आणि काढायचा यापलीकडे तिसरी गोष्टच नव्हती. आता शिकले. पाय पूर्ण सोडायचा नाही, चपलेच्या तळाने पेडल नुसतं स्पर्शात ठेवायचं. परत जोर देताना आधी एक श्वास हलकं दाबायचं, दात पलीकडे टेकले असं पावलाला जाणवलं की मग पुढे. याला दोन आठवडे लागले. क्लिनिकमधल्या टाचदुखीच्या पेशंटांना जो व्यायाम देते, तो स्वतः कधी इतक्या मनापासून केला नव्हता.

ऑगस्टमध्ये अण्णा आले. आईचे गुडघे, म्हणून आई मोठ्या गाडीत नवऱ्याबरोबर पुढे गेली आणि मी अण्णांना माझ्या शेजारी बसवलं. बसताना "अगं हे बैलगाडीपेक्षा खाली आहे" झालं. ए-६ रस्त्याने मॅटलॉकला निघालो. छप्पर उघडं, डोक्याला मफलर. उजवीकडे-डावीकडे करत डरवेंट नदीच्या काठाने रेल्वे लाइन सोबत येते, आणि अण्णांचं सगळं लक्ष तिकडे. दोन डब्यांची एक गाडी गेली. "एवढीशी? हिला गार्ड कशाला पाहिजे?" म्हणाले.

पण पहिल्याच सिग्नलला मला दिसलं. दिवा हिरवा होण्याआधी त्यांचा डावा हात आपोआप दाराच्या कडेला गेला, पाय रुंद झाले, पाठ सीटपासून सुटली. मी क्लच सोडला, गाडी सुटली, काही झालं नाही. हात तिथेच. डफिल्डमध्ये परत तेच. रांगेत सरकतानाही तेच: मी पाय काढला की त्यांचं अंग ताठ. त्यांना ठाऊकही नव्हतं. बोलत होते यार्डातल्या कुठल्याशा भांडणाबद्दल, आणि अंग आपलं ब्रेक व्हॅनमध्ये उभं.

"क्रॉस बदललास ना?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही अण्णा. क्रॉस चांगला होता."

ते यावर काही बोलले नाहीत. पटलं नव्हतं.

बेल्परच्या चौकात पुढच्या बसने अचानक ब्रेक मारला. मी गप्पांच्या नादात पाय दणकन काढला, बस सुटली तसा तसाच दणकन ठेवला. टक्.

"आला बघ," अण्णा समाधानाने म्हणाले. दाराच्या कडेवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि पाठ टेकून बसले.